बालाहिसारची टाळी

अनंता,

परवा तुझं गोडजेवण झालं. बरीच माणसं आली होती. पुरणपोळ्या तुझ्या ताईने, सुमतीने, स्वतः केल्या, कुणाला हात लावू दिला नाही. प्रत्येक जण तुझ्याबद्दल चांगलं बोलला. माणूस गेला की त्याच्या खोडी त्याच्याबरोबर जातात आणि गुण तेवढे मागे उरतात, अशी आपल्याकडे रीत आहे. मला ती पाळता येत नाही. तू विद्वान होतास, प्रेमळ होतास, आणि तुझ्याइतका हट्टी माणूस मी उभ्या जन्मात पाहिला नाही. मेल्यावरही तुझा हट्ट आमच्या घरात पाय पसरून बसला आहे, म्हणून हे लिहितोय.

तू गेलास तो रस्ता तुझ्या रोजच्या पायाखालचा. अंबरपेठेतल्या घरातून निघून भाजी घ्यायला कोपऱ्यापर्यंत जायचं, एवढंच अंतर. भर सकाळी, लख्ख उजेडात मागून पाण्याचा टँकर आला. पोलीस ठाण्याच्या आवारात त्याचा ड्रायव्हर उकिडवा बसला होता. मला पाहून उठला, हात जोडले, आणि रडत रडत एकच वाक्य परत परत म्हणत राहिला. "साब, बहुत हॉर्न मारा. बहुत मारा. पलट के देखेच नईं."

ते वाक्य मी घरी आणायला नको होतं. पण सुमती बाजूलाच उभी होती, तिनेही ते ऐकलं. तेव्हापासून तिच्या मनात एकच प्रश्न आहे. तो खरं बोलत होता का? खरोखर हॉर्न वाजला आणि तुला ऐकू आला नाही, की त्याने वाजवलाच नाही आणि आता अंगावर येऊ नये म्हणून सांगतोय? सकाळी चहा ओतताना ती हे विचारते. दुपारी कपड्यांच्या घड्या घालताना विचारते. आणि याचं उत्तर तिला पोलिसांकडून नको होतं. तिला ते गोवळकोंड्याकडून हवं होतं. यात तिचं काही चुकलं नाही. कान आणि किल्ला यांची गाठ तूच मारून ठेवली होतीस.

मी पुण्याहून नोकरीसाठी हैदराबादला आलो तेव्हा या शहराशी माझं काही जमत नव्हतं. इथली माणसं सगळं सावकाश करतात आणि "परसों" म्हणजे नक्की कोणता दिवस ते कुणाला सांगता येत नाही. मी पडलो इंजिनिअर, तोही इमारतींचा. लग्न ठरलं, बरकतपुऱ्यात बिऱ्हाड मांडलं, आणि लग्नाची हळद उतरायच्या आत तू मला किल्ला दाखवायला ओढून नेलंस. "दाजी, तुमच्या सिंहगडावर पिठलं-भाकरी मिळते. आमच्या गोवळकोंड्यावर अक्कल मिळते. घ्यायची का नाही ते तुम्ही ठरवा." मेव्हण्याने इतक्या नव्या नात्यात असं बोलावं हे मला खपलं नव्हतं. तरी आलो, कारण सुमती हसत होती.

त्या दिवशी तू मला जे दाखवलंस ते मी आयुष्यभर पुरवून खाल्लं. बालाहिसार दरवाजासमोर ती आडवी भिंत का उभी केली आहे, तर हत्तीला धावत येऊन दाराला धडक देता येऊ नये म्हणून. आधी ही नुसती धनगरांची टेकडी, मग तिच्यावर मातीचा कोट, मग बहामनींची ठाणी, आणि कुतुबशाहीत ग्रॅनाइटचे हे एवढाले चिरे. भिंत वर चढत जाते आणि मध्ये मोठा खडक आला की त्याला बगल देत नाही, फोडतही नाही, त्यालाच भिंतीत ओढून घेते. तू त्या सांध्यावर हात फिरवत म्हणालास, "बघा दाजी, यांनी डोंगर कापला नाही. डोंगराला विचारून विचारून बांधलं." कॉलेजात पाच वर्षं शिकून मला हे वाक्य कुणी सांगितलं नव्हतं. खालच्या विहिरीतून पाणी टप्प्याटप्प्याने वर चढवत नेणारे मातीचे नळ दाखवलेस तेव्हा मी खिशातला रुमाल काढून त्या नळाचा व्यास मोजला होता. तू त्यावरून कितीतरी वर्षं माझी चेष्टा केलीस.

आणि मग ती टाळी. दरवाजाच्या घुमटाखाली तू उभा राहिलास आणि मला वर पाठवलंस, माथ्यावरच्या बारादरीत, त्या कमानींच्या दालनात. मी धापा टाकत वर पोचलो, घाम पुसला, आणि इतक्या लांबून, इतक्या खालून टाळी आली. अगदी हाताच्या अंतरावर कुणीतरी वाजवावी तशी. मी मागे वळून पाहिलं होतं, अनंता. हे मी तुला कधी कळू दिलं नाही.

खाली येऊन मी लगेच वाद सुरू केला. मी म्हणालो हा योगायोग आहे. घुमटाचा चुना गुळगुळीत घोटलेला, समोर मोकळी दरी, वर कमानी. आवाज गेला, बांधणाऱ्यांना नंतर कळलं, आणि मग त्यांनी त्याचा उपयोग करून घेतला. तू म्हणालास, छे, हे आखून केलेलं आहे, हा किल्ल्याचा कान आहे. खाली परका माणूस आला की पहारेकऱ्याने टाळी द्यायची आणि वर सुलतानाला कळायचं. मी म्हणालो, मग मोगलांच्या वेढ्यात हा कान कुठे गेला होता? तू म्हणालास, "दाजी, टाळी ज्यांनी द्यायची त्यांच्यातल्याच एकाने पैसे खाऊन दार उघडलं. किल्ल्याचा काय कसूर?" हा वाद आपण उभा जन्म घातला. दर रविवारी तू आमच्याकडे जेवायला यायचास आणि वरणभात संपायच्या आत घुमट ताटात यायचा. सुमती म्हणायची, तुम्ही दोघं कुतुबशाहीत जन्मला असता तर किल्ला बांधूनच झाला नसता.

तू लग्न केलं नाहीस. कॉलेजात इतिहास शिकवलास आणि निवृत्त झाल्यावर पुण्या-मुंबईहून आलेल्या सॉफ्टवेअरवाल्या कुटुंबांना किल्ला मराठीतून दाखवू लागलास. त्यांची मुलं तुला इंग्रजीत प्रश्न विचारायची आणि तू मराठीत उत्तरं द्यायचास, मध्ये मध्ये "हौ" आणि "नक्को" पेरून. ती मुलं ते "नक्को" घरी घेऊन जायची. बाकी त्यांनी काय नेलं मला माहीत नाही. आता त्यांना मराठीतून किल्ला दाखवणारं कुणी उरलेलं नाही, आणि खरं सांगायचं तर कुणी विचारतही नाही.

मग घुमटाची डागडुजी झाली. कुणी केली, कशी केली यात मी पडत नाही. आतून थोडा गिलावा नवा केला, एवढं मलाही दिसलं होतं. त्यानंतरच्या एका रविवारी तू जेवायला आलास आणि पानावर बसलाच नाहीस. "दाजी, टाळी वर येत नाही. सिमेंट भरलंय त्यांनी. चुना, गूळ, बेलफळ घालून घोटलेल्या गिलाव्यावर सिमेंट फासलंय. किल्ला बहिरा केला."

मी सिमेंटवाला. आयुष्यभर सिमेंटवर पोट भरलं. मला राग आला, पण त्याहून भीती वाटली, कारण तू हे सांगत असताना स्वयंपाकघरात कुकरच्या शिट्ट्यांवर शिट्ट्या होत होत्या आणि तुझ्या चेहऱ्यावरची रेषही हलत नव्हती. सुमतीनेही ते पाहिलं. तिच्या हातात भाताचं भांडं होतं, ते तिने खाली ठेवलं.

तुझे कान जात होते, अनंता. फोनवर तू "हॅलो, हॅलो, कुणी बोलेना" म्हणायचास आणि आम्ही इकडे ओरडून घसा बसवून घ्यायचो. तुझ्या टीव्हीचा आवाज गल्लीच्या टोकाला यायचा. शेजारचे तेलुगू गृहस्थ इतके सभ्य, की तुझ्या घरी येऊन तक्रार न करता आमच्या घरी येऊन करायचे. मी तुला तोंडावर सांगितलं. एकदा नाही, अनेकदा सांगितलं. तू म्हणायचास, "माझे कान ठीक आहेत. किल्ल्याला विचारा." पालथ्या घड्यावर पाणी.

तू अर्ज लिहायला लागलास. सुंदर मराठीत लिहायचास, मग स्वतःच इंग्रजी करायचास, मग ओळखीच्या कुणाकडून तेलुगू करून घ्यायचास. तिन्ही भाषांत कुणी उत्तर दिलं नाही. दर आठवड्याला किल्ल्यावर जायचास, खाली एखाद्या गाइडला टाळी वाजवायला सांगून वर बारादरीत डोळे मिटून उभा राहायचास, आणि खाली येऊन विचारायचास, "काय, कमी झाला ना आवाज?" तो गाइड म्हणायचा, "हौ साब. पहले के माफिक नईं रहा." दुसरा म्हणायचा, "हौ साब, कां रहता अब." त्यांना वर काय ऐकू येतं ते रोज माहीत असायचं. त्याच टाळीवर त्यांचं पोट होतं. पण पांढऱ्या केसांचे, शिकवलेले, सगळ्यांची नावानिशी विचारपूस करणारे साब काहीतरी म्हणतायत तर त्यांना "नाही" कसं म्हणायचं? या शहरात वडीलधाऱ्याचं म्हणणं तोंडावर खोडून काढत नाहीत. ही इथली अदब. पुण्यात तुला पहिल्याच माणसाने कानाचा डॉक्टर दाखवला असता. मी या शहराच्या अदबीवर फार चिडलो आहे आणि त्याचा काही उपयोग नाही, कारण त्या गाइडांपैकी तिघे परवा जेवायला आले होते आणि पान वाढल्यावर त्यातल्या एकाला घास गिळता येईना.

मी तुला म्हणालो होतो, चल, दोघं मिळून वर जाऊ. खाली सुमती टाळी वाजवेल. मला ऐकू आली आणि तुला नाही, तर कानाचं मशीन लावायचं. दोघांनाही नाही आली तर तुझ्या अर्जावर मी इंजिनिअर म्हणून सही करीन. सरळ व्यवहार होता. तू म्हणालास, "तुमचे गुडघे कुठे चढून राहिलेत दाजी एवढं. तसल्लीने जाऊ. परसों जाऊ." गुडघ्यांचं निमित्त होतं. तुला माझ्याबरोबर वर जायची भीती वाटत होती, हे मला तेव्हाही दिसत होतं.

मशीन तरी सुमतीने आणलंच. तू ते एक दिवस लावलंस. संध्याकाळी काढून तिच्या हातात दिलंस आणि म्हणालास, "ताई, सगळ्या दुनियेची भांडी माझ्या कानात घासून राहिलेत. नक्को." ती हसली. मीही हसलो. तू इतका केविलवाणा दिसत होतास आणि इतका हसवत होतास, की कुणी पुढे बोललं नाही. ते डबीसकट आमच्या कपाटात आहे. त्याला हात लावायची हिंमत तिला नाही, आणि मला ते फेकून द्यायचं धैर्य नाही.

तर परवा, जेवणं उरकल्यावर, भांडी घासायला टाकून सुमती माझ्यासमोर येऊन बसली. म्हणाली, "अहो, आपण किल्ल्यावर जाऊ. मी खाली टाळी वाजवते. तुम्ही वर ऐका." मी म्हटलं, कशासाठी? म्हणाली, "वर आवाज आला नाही तर अनंताचं खरं होतं. त्याचे कान चांगले होते. म्हणजे तो टँकरवाला खोटं बोलला." पुढचं ती बोलली नाही. ते मीच मनात पुरं केलं. आवाज आला, तर टँकरवाला खरं बोलला. मग मशीन कपाटात ठेवून आपण हसलो, त्याचं काय करायचं?

आज सकाळी रिक्षाने गेलो. तू असतास तर दारापासून बोलायला सुरुवात केली असतीस. रिक्षावाल्यालाही सोडलं नसतंस. सुमतीला घुमटाखाली उभं केलं. शाळेच्या सहलीची गर्दी होती. मी वर पोचलो की फोन करीन, मग तिने टाळी वाजवायची असं ठरलं. ती वर घुमटाकडे बघत उभी राहिली, नव्या गिलाव्याच्या पट्ट्याकडे. मला पाहवेना म्हणून मी चढायला लागलो.

गुडघ्यांनी पहिल्याच टप्प्यावर हात टेकले. कोठाराच्या अंधाऱ्या दालनाशी बसलो, पाणी प्यालो. तुझे ते मातीचे नळ भिंतीतून डोकावत होते. जिथे तू सांध्यावर हात फिरवला होतास तिथे मीही फिरवला, आणि तिथेच रडलो. लोक बघत होते. एका बाईने मला पाणी विचारलं, तेलुगूतून. मी मान हलवली आणि उठलो. वर देवळाशी घंटा वाजत होती. चढताना मी काय मागत होतो ते तुला सांगतो. मी आयुष्यात कधी देवाकडे काही मागितलेलं नाही, तुला माहीत आहे. आज मी मागत होतो, की वर काहीही ऐकू न येवो. सिमेंट फासलेलं असो. घुमट बिघडलेला असो. माझं सगळं शिक्षण खोटं ठरो आणि तुझं खरं ठरो. तुझे सगळे अर्ज मी पुन्हा लिहिले असते, तिन्ही भाषांत, आणि मरेपर्यंत ते धाडत राहिलो असतो. मला काहीतरी करायला मिळालं असतं.

बारादरीत पोचलो. पश्चिमेला त्या सगळ्या काचेच्या इमारती, जिथून तुझी सॉफ्टवेअरवाली मंडळी यायची. खाली घुमट, बोटाच्या पेराएवढा. मी श्वास नीट होईपर्यंत कमानीत उभा राहिलो. फोन अजून खिशातच होता.

टाळी आली.

सुमतीची नव्हती, मी तिला अजून सांगितलंच नव्हतं. खाली कुठला तरी गाइड सहलीच्या मुलांना दाखवत असणार. मग दुसरी आली. मग मुलांनी मिळून वाजवल्या, त्या सगळ्या वर आल्या, एकामागून एक. माझ्या शेजारी एक मास्तर उभे होते, ते मुलांना म्हणाले, "सुना? आया ना?" आणि मुलं म्हणाली, आया. माझं वय तुझ्याहून जास्त आहे, अनंता. मलाही आली.

तेवढ्यात फोन वाजला. सुमतीच होती.

"अहो, या खाली."

मी म्हटलं, "वाजवतेस ना?"

"नाही." तिच्या मागे मुलांचा गलका होता. "मी वाजवणार नाही. हात वर होत नाहीत. तुम्हाला काही ऐकू आलं असेल तर मला सांगू नका. सावकाश उतरा, गुडघा सांभाळा."

उतरताना मी कितीदा तरी थांबलो. खाली आलो तेव्हा ती घुमटापासून दूर, उन्हात उभी होती. तिने माझ्या चेहऱ्याकडे पाहिलं नाही. चप्पल नीट केली आणि चालायला लागली.

रिक्षा अफझलगंजच्या गर्दीत अडकली होती तेव्हा ती बोलली. "त्या टँकरवाल्याने हॉर्न मारला नसणार. मी त्याला शिव्या घालीन. रोज घालीन. उरलेले दिवस त्यातच काढीन. तेवढं मला राहू द्या."

मी म्हटलं, राहू दे. तो पोरगा किती रडत होता ते माझ्या डोळ्यांसमोर होतं. तो खरं बोलत होता हे आता मला माहीत झालं आहे, आणि मी त्याच्या बाजूने एक शब्दही बोललो नाही. यापुढेही बोलणार नाही. तुझ्या बहिणीशी संसार करायचा आहे मला.

योगायोग की आखणी, तो आपला वाद आता माझ्या एकट्याच्या गळ्यात पडला आहे. मला त्यात काही राम वाटत नाही. ज्याने कुणी तो घुमट बांधला त्याने चोख बांधला, आणि ज्याने दुरुस्त केला त्यानेही काही बिघडवलं नाही. भांडायला कुणी उरलेलं नाही. अर्ज पाठवायला जागा नाही. सुमती आत झोपली आहे, निदान डोळे मिटून पडली आहे. जे मी तिला सांगू शकत नाही ते या घरात दुसऱ्या कुणाला सांगणार? म्हणून तुला लिहितो, तुझ्यापर्यंत पोचणार नाही हे माहीत असून.

आवाज वरपर्यंत येतो, अनंता. स्वच्छ येतो. तुलाच येत नव्हता.